रक्तातच आहे, मग तपासून काय करायचं?

घरातले आजोबा, मग काका आणि पुढे पन्नाशीही न गाठलेला भाऊ मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले की रत्नागिरीकडे एक वाक्य ठरलेलं असतं: 'त्यांच्या रक्तातच आहे, तपासून काय करणार?' कोणी घराणेदोष म्हणतं, कोणी ग्रामदेवतेला कौल लावतं. वैताग येतो तो त्या वाक्यातला पहिला भाग बरोबर असू शकतो म्हणूनच. मिशिगन विद्यापीठातल्या आल्ड्रेड वॉर्थिन यांनी अशा एका घराण्याची नोंद १९१३ मध्येच प्रसिद्ध केली होती. हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकापासून अशी कुटुंबं अभ्यासली आणि त्यांच्याच नावाने आज लिंच सिंड्रोम ओळखला जातो. यात डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक सदोष असतं. आईवडिलांपैकी एकाकडे ते असेल, तर प्रत्येक मुलामुलीला ते मिळण्याची शक्यता निम्मी.

पण वारशाने येतो तो हा दोष, कर्करोग नव्हे. आतड्यातला कर्करोग बहुधा मांसाच्या छोट्या गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून वाढतो आणि आतड्यात दुर्बीण घालून तपासतानाच (कोलोनोस्कोपी) तो पॉलिप काढता येतो. फिनलंडमधल्या २२ लिंच कुटुंबांचा १५ वर्षांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दर तीन वर्षांनी तपासणी करणाऱ्या १३३ जणांपैकी ८ जणांना आतड्याचा कर्करोग झाला, पण त्याने कोणीही दगावलं नाही. तपासणी न करणाऱ्या ११९ जणांत तो १९ जणांना झाला आणि ९ जण गेले. 'काय करणार'चं उत्तर या आकड्यांत आहे.

'एकदा दुर्बीण झाली, सगळं साफ होतं' हा पुढचा युक्तिवाद. पण लिंचमध्ये पॉलिपचा कर्करोग लवकर होतो, म्हणूनच साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी तपासणी सांगतात, आणि ती वर्षानुवर्षं चालू ठेवायची असते. जनुकाची चाचणी केली तर मुलीच्या लग्नात अडचण येईल, ही भीती मात्र खोटी म्हणून उडवता येत नाही. तरी चाचणी टाळल्याने जनुक बदलत नाही, फक्त सावध होण्याची संधी जाते. उलट, कुटुंबातला दोष नेमका ठाऊक असताना ज्याची चाचणी निगेटिव्ह येते, तो या वारंवारच्या दुर्बिणीतून सुटतो. हा फायदा कोणी सांगतच नाही!

बाकीचे समज थोडक्यात. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. बायकांना यात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही धोका असतो. शौचातून रक्त गेलं म्हणजे मूळव्याधच, असं नाही. शेकडो पॉलिप असणारा एफएपी हा वेगळा आजार. त्यात तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयातच सुरू करावी लागते आणि पुढे बहुतेकदा मोठं आतडं काढावं लागतं. अ‍ॅस्पिरिनने लिंचमधला धोका घटतो हे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मधल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात दिसलं, पण म्हणून दुर्बीण टळत नाही आणि गोळी मनाने सुरू करायची नाही.

चाचणी शक्यतो आधी आजारी माणसाची करायची, निरोगी भावंडांची त्यानंतर. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात कर्करोग-जनुकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. घरात कोणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्या माणसाचे पॅथॉलॉजीचे कागद फेकू नका. जनुकीय समुपदेशकाकडे जाताना तेच सोबत न्या.