आधी श्वास, मग गोष्ट
पीएच.डी. करणाऱ्याला ना तास, ना सहामाही, ना निकालाची तारीख. प्रयोग महिनोन्महिने फसतो, प्रकरण लाल खुणांनी भरून परत येते आणि हे बोलायचे कोणाशी, तर गाईडशी. कधी त्यांच्याशीही नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील ३,६५९ संशोधक विद्यार्थ्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ३२ टक्क्यांना मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका असल्याचे आढळले. कामाचा बोजा, घर आणि काम यांतली ओढाताण, गाईडची काम करवून घेण्याची पद्धत यांच्याशी त्याचा संबंध दिसला.

यावरचा एक उपाय सजगतेच्या सरावाचा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी आखलेला त्याचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो. विद्यार्थ्यांना तेवढी सवड मिळत नाही, म्हणून ड्यूक विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ हॉली रॉजर्स आणि मार्गारेट मेटन यांनी ‘कोरू’ हा आटोपशीर क्रम तयार केला: ७५ मिनिटांचे चार वर्ग आणि रोज घरी १० मिनिटांचा सराव.

वर्गात घडते ते दिसायला साधे असते. पाय जमिनीला टेकवून बसायचे, श्वासाकडे लक्ष ठेवायचे. अर्ध्या मिनिटात मन परीक्षकाच्या शेऱ्यावर जाऊन बसते. ते ओढून आणायचे नाही. ‘हा विचार’ अशी मनातल्या मनात नोंद करायची आणि पुन्हा श्वासाकडे यायचे. खरा सराव या परत येण्याचाच आहे. ‘माझ्या कामात काही दम नाही’ हे वाक्य सतत डोक्यात असणाऱ्याला ते निकाल म्हणून न ऐकता, मनात आलेला एक विचार म्हणून पाहता येऊ लागते.

पण एवढ्याने एकटेपण सुटत नाही. तिथे गोष्ट उपयोगी पडते. जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या आणि आता ‘स्टोरीसेंटर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने गोष्टींच्या वर्तुळाची पद्धत रुजवली. काही जण गोल बसतात, प्रत्येक जण आपल्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो आणि पुढे त्याची स्वतःच्या आवाजातली काही मिनिटांची चित्रफीत होते. ‘तिसरे वर्ष वाईट गेले’ एवढे पुरत नाही. फ्रीझर बंद पडून नमुने वितळले ती सकाळ, तेव्हा हातात काय होते, पहिला फोन कोणाला केला, हे सांगावे लागते. प्रबंधातून ‘मी’ काटेकोरपणे वगळायला शिकलेल्यांना हे जड जाते, आणि नेमके म्हणूनच ते मोलाचे आहे.

दोन्ही एकत्र घेताना क्रम महत्त्वाचा. आधी पाच मिनिटे शांत बसले की सांगणारा घाई करत नाही आणि ऐकणारा सल्ल्याची तयारी करत बसत नाही. तपशील विचारायला हरकत नसते. उपाय सुचवायचा नाही, आपले दुःख मध्ये आणायचे नाही.

केंब्रिजमध्ये ६१६ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सजगतेचा वर्ग केलेल्यांचा परीक्षेच्या काळातला ताण इतरांपेक्षा कमी आढळला. मात्र रखडलेली फेलोशिप किंवा गाईडचा अपमानकारक स्वर श्वासाने बदलत नाही. ती जबाबदारी विद्यापीठाची, आणि असे वर्ग भरवून ती टाळता येऊ नये. वर्तुळात बोललेले बाहेर न्यायचे नाही, हे सुरुवातीलाच ठरवले जाते. याला एकच अपवाद असतो: कोणाच्या बोलण्यात जीव देण्याची भाषा आली, तर वर्ग घेणाऱ्याने त्याला त्याच दिवशी समुपदेशकाकडे पोहोचवायचे.