तैलरंगातला काळा कुत्रा

काळ्या कुत्र्याचे हुबेहूब चित्र काढायचे तर पहिली अडचण येते ती काळ्या रंगाचीच. सावलीत, मोकळ्या आकाशाखाली बसलेल्या काळ्या कुत्र्याची पाठ नीट पाहा. तिच्यावर निळसर झाक दिसेल. केसाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून काही प्रकाश आत न शिरताच परततो. त्याला केसाचा रंग लागतच नाही, आकाशाचा रंग घेऊनच तो आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. एडविन लँडसियर या इंग्लिश चित्रकाराचे न्यूफाउंडलंड कुत्र्याचे प्रसिद्ध तैलचित्र १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. अशा चित्रांमुळे त्या जातीच्या काळ्या-पांढऱ्या कुत्र्यांना पुढे त्याचेच नाव मिळाले.

ही झाक काळ्यात अलगद मिसळायला रंग बराच वेळ ओला राहावा लागतो. जलरंगातले पाणी काही मिनिटांत उडून जाते. तैलरंग कित्येक तास, कधी कित्येक दिवस ओला राहतो. असे का, हे वर्गात विचारा. ‘तेल सावकाश उडते म्हणून’ असे उत्तर हमखास येईल. पण ते बरोबर नाही.

तैलरंग म्हणजे बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची बारीक पूड. या तेलातील मेदाम्लांपैकी साधारण निम्मे लिनोलेनिक आम्ल असते आणि त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. या बंधांलगतच्या जागी हवेतला ऑक्सिजन अभिक्रिया करतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचे घट्ट जाळे बनते. तेल उडून जाण्याऐवजी हवेतून ऑक्सिजन घेते, त्यामुळे ‘वाळताना’ त्याचे वजन सुरुवातीला चक्क वाढते!

दोन काचपट्ट्या घ्या. एकीवर कच्च्या जवसाच्या तेलाचा आणि दुसरीवर शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ थर द्या. काही दिवसांत जवसाचे तेल चिकट होऊन पापुद्रा धरू लागेल. शेंगदाण्याचे ओलेच राहील. त्यात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसते. प्रयोगशाळेत नाजूक तराजू असेल तर रोज वजनही करावे.

आता पुन्हा कुत्र्याकडे वळू. हाडांच्या कोळशाचा काळा रंग फार सावकाश वाळतो. तोच तळाला जाड थापला आणि वर लवकर वाळणारा रंग दिला, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. म्हणून तळाच्या थरासाठी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून केलेला गडद रंग बरा. अंबरमधले मँगनीज ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया वेगाने घडवते. हा थर टर्पेंटाइनने पातळ करावा (टर्पेंटाइन मात्र खरोखरच उडून जाते). वरच्या थरांत तेलाचे प्रमाण वाढवत न्यावे. सुटे केस अगदी शेवटी, बारीक कुंचल्याने.

या अभिक्रियेत उष्णताही बाहेर पडते. काचपट्टीवर ती सहज पसरून जाते, म्हणून जाणवत नाही. कुंचले पुसलेल्या सुती चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तीच उष्णता आत कोंडते, तापमान वाढते, अभिक्रिया आणखी वेग घेते आणि काडी न लावताही बोळा पेटू शकतो. चित्रकलेच्या तासानंतर अशा चिंध्या केराच्या टोपलीत टाकू नयेत. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.