किंमत विचारली, खर्च कळला

2024 च्या जानेवारीत आम्ही दोघे मुलाकडे जर्मनीत होतो. बाहेर कडाक्याची थंडी, दिवस जेमतेम साडेआठ तासांचा आणि नातवंडे घरात बसून कंटाळलेली. मुलगा म्हणाला, "चला, ड्युसेलडॉर्फला बोटींचे प्रदर्शन भरले आहे. मामूंसाठी चार गोष्टी विचारूनही घेऊ." रत्नागिरीच्या माणसाला जर्मनीत बोट काय दाखवणार, असे आम्हांला वाटले. पण मामूंचे नाव निघाले आणि आम्ही कोट अंगावर चढवले.

मामू म्हणजे आमच्या घरातले नाखवा. मिरकरवाडा बंदरात त्यांची लाकडी बोट आहे. फारसी 'नाखुदा'वरून आलेला हा शब्द आपल्या कोकणात अजून रोजच्या वापरात आहे. बोट जुनी झाली होती, तळाला पाणी धरत होती. नवी फायबरची बोट घ्यावी असे मामूंच्या मनात होते. तिला 40 लाख रुपये सांगितले होते. मुलाजवळ 15 लाख जमलेले. उरलेले पैसे एक मासळीचा व्यापारी उचल म्हणून द्यायला तयार होता आणि व्याज नाही म्हणत होता. मुलाचा होकार जवळजवळ झालेलाच होता. तेवढ्यात हे प्रदर्शन आले.

ड्युसेलडॉर्फला समुद्र नाही, ऱ्हाइन नदी आहे. तिच्या काठावरच्या प्रदर्शन केंद्रात 1969 पासून हे प्रदर्शन भरते. दर जानेवारीत नऊ दिवस चालते. साठाच्या आसपास देशांतले दीड हजार विक्रेते येतात आणि पाहणारे दोन लाखांच्या वर असतात. मोठ्या नौका नदीतून आणून क्रेनने उचलतात, बाकीच्या ट्रकवरून येतात. मग सगळ्या छपराखाली, गालिच्यावर, झगझगीत दिव्यांत उभ्या राहतात. बोट पाण्यात असते तेव्हा तिचा निम्मा देह दिसत नाही. इथे कणा, सुकाणू, पंखा सगळे डोळ्यांसमोर. मामू असते तर तासभर तळच पाहत बसले असते.

नौकेवर चढण्याआधी बूट काढायचे असतात, कारण डेक खराब होतो. युरोपियन मंडळी वाकून नाड्या सोडत होती. आमची नातवंडे बूट काढून केव्हाच वर पोचली. मशिदीची सवय इथे कामी आली! एका हॉलमध्ये पाण्याचा तलाव केला होता, तिथे मुलांना छोटी होडी वल्हवायला मिळाली. त्या दोघांचा दिवस तिथेच सार्थकी लागला. दुपारी एका शांत कोपऱ्यात आम्ही जुहर पढली आणि मग किमती विचारायला निघालो.

सर्वांत लहान होती 'ऑप्टिमिस्ट', मुलांना शीड शिकवण्याची होडी. क्लार्क मिल्स या अमेरिकन गृहस्थांनी ती 1947 मध्ये बनवली. लांबी 2.3 मीटर, वजन 35 किलो. नव्या होडीलाही काही हजार युरो पडतात. त्या वेळी एक युरो म्हणजे साधारण 90 रुपये, म्हणजे मुलाच्या खेळातल्या होडीला लाखांत दाम! तीस फुटी शिडाच्या नौकेची बोली लाख युरोच्या आसपास सुरू होत होती. सर्वांत मोठ्या नौकांवर किमतीची पाटीच नव्हती. ज्याला विचारावे लागते, त्याच्यासाठी ती नसावी.

इतके महाग का? मुलगा कारखान्यात काम करतो, त्याने नीट समजावले. मोटारीचा एक साचा लाखो गाड्या काढतो, म्हणून साच्याचा खर्च लाखोंत वाटला जातो. बोटीच्या एका साच्यातून थोड्याच बोटी निघतात. काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन यांचे थर बहुतेक ठिकाणी अजून माणसांच्या हातांनी चढतात. शिवाय लांबी वाढली की किंमत उडी मारते. सगळी मापे दुप्पट केली तर बोटीचे आकारमान आठपट होते. मग इंजिन मोठे, शीड मोठे, नांगर मोठा. वीस फुटांवरून चाळीस फुटांवर जाणे म्हणजे दोन बोटी घेणे नव्हे.

पण खरा धडा पाटीखालच्या बारीक अक्षरांत होता. विक्रेती बाई सरळ स्वभावाची होती. तिने यादीच पुढे ठेवली. पाटीवरची किंमत म्हणजे सांगाडा. चांगली शिडे वेगळी, नांगर वेगळा, दिशा दाखवणारी यंत्रे वेगळी, हीटर वेगळा, तळाचा रंग वेगळा, कारखान्यातून आणून पाण्यात सोडण्याचे पैसेही वेगळे. आम्ही कागदावर हिशेब मांडला. पाटीवर 1,00,000 युरो. जोडसामान 25,000 धरले. त्यावर जर्मनीचा 19 टक्के कर, म्हणजे 23,750. एकूण 1,48,750 युरो. 90 लाख रुपयांची वाटणारी नौका पाण्यात उतरेपर्यंत एक कोटी 34 लाखांची झाली.

आणि ती उतरल्यावर? धक्क्यावरची जागा, विमा, रंगरंगोटी, शिवाय हिवाळ्यात बोट वर काढून ठेवण्याचे भाडे. आपल्याकडे पावसाळ्यात बोटी वर ओढतात, तिकडे बर्फाच्या दिवसांत. बोटवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो, की किमतीचा दहावा हिस्सा दर वर्षी लागतोच. शेजारीच कर्ज देणाऱ्यांचे स्टॉल होते. तिथे कोणी एकूण रक्कम बोलत नव्हते, फक्त महिन्याचा हप्ता बोलत होते.

रात्री मामूंना व्हिडिओ कॉल लावला. चकचकीत नौकांचे फोटो पाहून ते हसले. म्हणाले, "छान आहेत रे. पण इंजिन बिघडलं तर दुरुस्त कोण करील? तुझा तो जर्मन सेठ येणार का मिरकरवाड्याला?"

मुलाने विचारले, "मामू, ते 40 लाख सांगितलेत, त्यात काय काय येतं?"

मामू थोडे थांबले. "बोट आणि इंजिन."

"जाळी? विंच? वायरलेस, जीपीएस? बर्फाचा कप्पा? नोंदणी, विमा?"

मामू कागद-पेन घेऊन बसले. जुन्या बोटीवरून काय काढून नव्या बोटीवर लावता येईल आणि काय नवे लागेल, हे एकेक लिहीत गेले. बेरीज 49 लाखांवर गेली. 15 वजा केले तरी 34 लाखांची उचल.

मग मुलाने दुसरा प्रश्न विचारला. "व्यापारी व्याज घेणार नाही, मग त्याला काय मिळणार?"

"उचल फिटेपर्यंत सगळी मासळी त्यालाच द्यायची. तो भाव ठरवील."

"बाजारभावाने?"

"छे. किलोमागे वीसेक रुपये कमी."

मामूंच्या बोटीला वर्षाला सुमारे वीस टन मासळी मिळते. वीस हजार किलो गुणिले वीस रुपये, चार लाख. हे चार लाख दर वर्षी जाणार आणि त्यातला एक रुपयाही उचलीतून वजा होणार नाही. कागदावर व्याज नव्हते, ते मासळीच्या भावात जाऊन बसले होते. आम्ही सगळेच गप्प झालो. ज्या गोष्टीपासून आपण दूर आहोत असे समजत होतो, ती दारातून नाही तर खिडकीतून घरात शिरत होती.

शेवटी मुलानेच विचारले, "मामू, बोट खरंच बदलायला हवी का?"

मामूंनी प्रामाणिकपणे सांगितले. कणा आणि वरचे बरेच लाकूड अजून चांगले होते. तळाच्या काही फळ्या कुजल्या होत्या. त्या बदलून बाहेरून फायबरचे थर चढवता येतात, पुष्कळांनी तसे केले आहे. मात्र लाकूड पूर्ण सुकलेले हवे. ओल्या किंवा कुजलेल्या लाकडावर फायबर चढवले तर आत कूज चालूच राहते आणि बाहेरून कळतही नाही. म्हणजे पावसाळ्यात हे काम होणार नाही, एप्रिल-मेच्या उन्हातच करावे लागेल. ते तर कमाईचे दिवस.

"दोन महिने बोट बंद ठेवायची म्हणजे खलाशांच्या घरी काय सांगू?" मामूंचा आवाज खाली आला. त्या रात्री निर्णय झाला नाही. आठवड्याने झाला. फळ्या, सुतार, फायबर आणि इंजिनचे काम मिळून आठ लाख. ते मुलाने द्यायचे. मामू फुकट घ्यायला तयार नव्हते, म्हणून कर्जे हसना ठरले. दोन साक्षीदारांसमोर लिहून काढले, फेड हंगामाच्या कमाईतून. खलाशांच्या दोन महिन्यांच्या घरखर्चासाठी मुलाने आणखी दोन लाख वेगळे ठेवले.

एप्रिलमध्ये बोट वर आली. सुतारांनी तळ उघडला तेव्हा अंदाजापेक्षा जास्त फळ्या खराब निघाल्या आणि खर्च लाखभराने वाढला. मे संपायच्या आत फायबर चढले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ते दोन महिने बोट ताडपत्रीखाली राहिली. ऑगस्टमध्ये समुद्र निवळला तशी ती पाण्यात उतरली. मामूंनी तळाच्या कप्प्याचा फोटो पाठवला. खाली एवढेच लिहिले होते, "कोरडा आहे. अल्हमदुलिल्लाह."

वाचकहो, आपल्यातल्या फार थोड्यांना बोट घ्यायची असते. पण घर, गाडी, दुकान, मुलीच्या लग्नाचा हॉल यांच्याही पाट्या असतातच. त्या प्रदर्शनातून आम्ही काही विकत आणले नाही, फक्त तीन प्रश्न आणले: या किमतीत काय येत नाही? घेतल्यानंतर दर वर्षी काय लागेल? आणि पैसे देणाऱ्याला यातून काय मिळते? परवा नातवाने नवी सायकल मागितली. त्याच्या आईने तिन्ही प्रश्न त्यालाच विचारायला लावले. दुकानदार जरा वैतागला, पण घंटी आणि स्टँड त्याच किमतीत मिळाले.