खाज थांबली, बुरशी राहिली

जांघेत, काखेत, स्तनांखाली किंवा पोटाच्या घडीत खाज उठली की बहुतेक घरांत औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते. चार दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि ट्यूब कपाटात जाते. काही आठवड्यांनी चट्टा पुन्हा उठतो, बहुधा आधीपेक्षा मोठा. मग दोष घामाला, अंगातल्या उष्णतेला किंवा त्या माणसाच्या अस्वच्छतेला दिला जातो. यातला अस्वच्छतेचा आरोप सर्वांत अन्यायाचा, कारण रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यांनाही गजकर्ण सोडत नाही. पुराव्याचा रोख त्या ट्यूबकडे आहे.

घडीतली त्वचा त्वचेला घासते, तिथला घाम वाळत नाही आणि एरवी किंचित आम्ल असलेला पृष्ठभाग तिथे कमी आम्ल असतो. बुरशीला याहून काय हवे! गजकर्णाची बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिनवर जगते. आपल्याला दिसते ती लाली आणि सोसवत नाही ती खाज, ही मुख्यतः बुरशीला हुसकावू पाहणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीची खूण असते. दुकानात मिळणाऱ्या अनेक मिश्रणांत बुरशीनाशक आणि प्रतिजैविकाबरोबर क्लोबेटासोल असते. लावण्याच्या स्टेरॉइडांमधल्या सर्वांत तीव्र वर्गातले हे औषध. ते नेमकी ही प्रतिकाराची खूणच पुसते. माणसाला वाटते, बरे झाले. बुरशी मात्र निर्धास्त पसरते. स्टेरॉइडमुळे रूप पालटलेल्या, सहज ओळखू न येणाऱ्या गजकर्णाचे वर्णन ब्रिटिश डॉक्टरांनी 1968 सालीच केले होते. शिवाय घडीतली पातळ त्वचा औषध जास्त शोषते. ती आणखी पातळ होते आणि मांड्यांवर कायमचे ताणाचे व्रण उमटतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत या गोष्टीला गंभीर वळण लागले. भारतात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी झपाट्याने पसरली. तिला हे नाव 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी दिले, तिथे आढळलेल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांवरून. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालते, त्याच्या जनुकात बदल झाल्याने तिचे अनेक वाण या औषधाला दाद देत नाहीत. 2023 साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. जनुकातला बदल स्टेरॉइड घडवत नाही, हे खरे. पण अर्धवट उपचारात जगलेली बुरशी आणि तिला मिळालेले स्टेरॉइडचे अभय, या जोडीने अशा वाणांना मोकळे रान मिळाले, असे मानायला सबळ कारण आहे.

यावर म्हणता येईल, की त्वचारोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावीही नसतो आणि मजुरी बुडवून शहर गाठणे परवडत नाही. हरकत रास्त आहे. 2018 साली केंद्र सरकारने लावण्याची 14 स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण हा नियम काउंटरवर पाळला जात नाही तोवर रुग्णाला बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र सर्वांवर चालणारे मिश्रण म्हणून ट्यूब स्वस्त, हा हिशेब फसवा आहे. घडीतला प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो. कधी तो कॅन्डिडा असतो आणि वारंवार उठत असेल तर रक्तातली साखर तपासावी लागते. कधी जिवाणूंचा संसर्ग, तर कधी चक्क सोरायसिस. उलगडा करणारी तपासणी साधी आहे. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. काही मिनिटांत पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. हे तालुक्याच्या दवाखान्यातही जमण्यासारखे आहे.

गजकर्ण ठरल्यावर स्टेरॉइड नसलेले मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचे. पसरलेल्या गजकर्णाला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. टर्बिनाफिन हरले तर इट्राकोनाझोल बहुधा उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मिश्रणाची ट्यूब महिनोन्‌महिने लावली असेल तर तेही त्यांना सांगावे, कारण ती थांबवल्यावर लाली काही दिवस उसळू शकते. आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी सुरू करायचा, टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवून, कडक उन्हात वाळवून.