सुट्टीचे जुने पॉइंट स्वस्तात मिळतात, पण घ्यावेत का?

व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि ऑनलाइन जाहिरातींत हल्ली जुनी गाडी, जुना फ्रीज यांच्या शेजारी आणखी एक वस्तू विकायला दिसते, हॉलिडे क्लबची मेंबरशिप. ‘चार लाखांना घेतलेली, नऊ वर्षे शिल्लक, फक्त 1 लाख 20 हजारांत.’ वाचणाऱ्याला वाटतं, पावणेतीन लाख वाचले की! आम्हा शिक्षकांना तर असे मेसेज जरा जास्तच येतात, कारण आम्हाला मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी असते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

हा सौदा नेमका कशाचा, ते आधी समजून घेऊ. एकट्याला डोंगरातलं किंवा समुद्राकाठचं घर परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून घ्यावं आणि वर्षाचे दिवस वाटून घ्यावेत, अशी ही मूळ कल्पना. स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग ही कंपनी 1963 मध्ये याच कल्पनेतून उभी राहिली. भारतात 1986 मध्ये स्टर्लिंग आली आणि 1996 मध्ये महिंद्राची कंपनी. आपल्या फिकहच्या किताबांतही याच्या जवळची एक गोष्ट आहे, तिला मुहायआत म्हणतात. दोन भावांच्या सामाईक घरात एक महिना एकाने राहायचं, पुढचा महिना दुसऱ्याने, म्हणजे वाटणी भिंतींची नाही, वापराची. फरक एवढाच की तिथे दोघे भाऊ घराचे मालक असतात. आपल्याकडच्या बहुतेक हॉलिडे क्लबांत मेंबर कशाचाच मालक नसतो. त्याला ठरावीक वर्षे, ठरावीक रात्री खोली वापरायचा हक्क मिळतो. सेल्समन ‘ओनरशिप’ म्हणतो, करारपत्र ‘मेंबरशिप’ म्हणतं. विश्वास करारपत्रावर ठेवावा.

पॉइंट म्हणजे या हक्काचं सुटं नाणं. गर्दीच्या आठवड्यात खोलीला जास्त पॉइंट लागतात, पावसाळ्यात कमी. काही ठिकाणी पॉइंटऐवजी रंग असतात. क्लब महिंद्रामध्ये जांभळा हा सर्वांत मागणीचा हंगाम, मग लाल, पांढरा आणि शेवटी निळा. विकायला आलेली मेंबरशिप स्वस्त दिसली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, रंग कोणता? निळ्या हंगामाची मेंबरशिप शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला फारशी कामाची नाही. आपल्याला सुट्टी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि नेमके तेच दिवस सगळ्यांना हवे असतात.

आपल्या घरांसाठी यात आणखी एक गुंता आहे. क्लबचे हंगाम इंग्रजी महिन्यांना बांधलेले असतात आणि आपली ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. 2026, 2027 आणि 2028 या तिन्ही वर्षी बकरी ईद मे महिन्यात येते. कुर्बानी सोडून कोण रिसॉर्टला जाणार? म्हणजे महाग हंगामातले काही दिवस तिथेच गेले. पुढे 2035 च्या सुमारास रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरात, थेट दिवाळीच्या सुट्टीत येऊन बसेल. नऊ-दहा वर्षांचा करार घेताना कॅलेंडर काढून हे बघायला दहा मिनिटं लागतात, पण मी अजून कुणाला ते बघताना पाहिलेलं नाही.

आता पैशाचा हिशेब. हा सातवीच्या पोरालाही जमेल असा आहे. वरच्या जाहिरातीचेच आकडे धरू. किंमत 1,20,000. नाव बदलायची कंपनीची फी 20,000 धरू. मेंबरशिप वापरा किंवा न वापरा, वार्षिक शुल्क भरावंच लागतं. ते जीएसटीसह 18,000 आहे आणि दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढतं असं समजू. नऊ वर्षांत नुसतं हे शुल्कच सुमारे 2,06,800 रुपये होतं. म्हणजे ज्या किमतीला भुलून आपण फोन केला, ती एकूण खर्चाच्या जेमतेम तिसरा हिस्सा! एकूण झाले 3,46,800. वर्षाला सात रात्री, एकही न चुकवता वापरल्या तर एका रात्रीला साधारण 5,500 रुपये पडतात. चारच रात्री वापरल्या तर 9,600 च्या वर. जेवण आणि प्रवास वेगळा. त्याच दिवसांत, त्याच गावात साधं हॉटेल कितीला मिळतं ते शोधा आणि मग ठरवा.

विकणारे एवढ्या स्वस्तात का विकतात, याचं उत्तरही या वार्षिक शुल्कातच आहे. त्यांना बहुधा पैसे कमवायचे नसतात, ओझं उतरवायचं असतं. थकबाकीही बऱ्याचदा असते. ती खरेदीदाराच्या गळ्यात पडू नये, म्हणून कंपनीकडून ‘काही बाकी नाही’ असं पत्र विक्रेत्याने आणून दाखवावं. त्याच पत्रात उरलेली वर्षे, हंगाम, खोलीचा प्रकार आणि साठवलेल्या रात्री लिहून घ्याव्यात. विक्रेत्याच्या जुन्या ब्रोशरवर जाऊ नका.

त्याहून मोठा प्रश्न असा की मेंबरशिप नावावर झाली तरी आपल्याला पहिल्या मेंबरइतकेच हक्क मिळतील का? अमेरिकेत या पॉइंटांचा जुना बाजार खूप मोठा आहे, तिथलं एक उदाहरण सांगतो. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबने 19 जानेवारी 2019 पासून नियम बदलला. त्यानंतर जो कुणी पहिल्या 14 रिसॉर्टचे पॉइंट दुसऱ्याकडून विकत घेईल, त्याला ते त्याच 14 ठिकाणी वापरता येतील, नव्या रिसॉर्टला नाही. आणि रिव्हिएरा या नव्या रिसॉर्टचे जुने पॉइंट घेतले तर ते फक्त रिव्हिएरालाच चालतील. म्हणजे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांकडे सारखेच पॉइंट, पण एकाला सगळी दारं उघडी आणि दुसऱ्याला अर्धी बंद. शिवाय त्या क्लबला आधी स्वतः विकत घेण्याचा हक्क असतो. तुमचा सौदा फार स्वस्तात ठरला तर क्लबच तो उचलू शकतो.

आपल्याकडे प्रत्येक क्लबचे नियम वेगळे. काही सवलती, परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल, मोफत मिळालेल्या जादा रात्री, यातलं काय पुढे चालेल आणि काय मूळ मेंबरबरोबर संपेल, हे कंपनीला ईमेल करून विचारावं. फोनवरचं ‘हो सर, सगळं मिळेल’ हे उत्तर नव्हे.

युरोपीय संघात 2008 पासूनच्या निर्देशानुसार टाइमशेअरचा करार केल्यावर 14 दिवसांत तो मोडता येतो, आणि पुनर्विक्री करून देणाऱ्या दलालाला विक्री होईपर्यंत आगाऊ पैसे घेता येत नाहीत. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही. क्लबविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण विकणारा साधा खाजगी माणूस असेल तर तो काही दुकानदार नव्हे, त्याच्याकडून पैसे परत मिळवणं कठीण जातं. म्हणून थोडं टोकन द्या, उरलेली रक्कम कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव चढल्यावरच द्या, आणि तीही बँकेतून. ‘तुमची जुनी मेंबरशिप विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन विकणाऱ्यांना येतो. तो निव्वळ गळ असतो. फसलात तर लगेच 1930 वर सायबर तक्रार करा.

विक्रेता ‘अब्बांची मेंबरशिप आहे, ते वारले’ असं सांगत असेल तर थांबा. नॉमिनी म्हणून नाव असलं तरी तो एकटा वारस नसतो. आईचा हिस्सा आहे, बहिणींचा आहे. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. बहिणींची सही मागितली की काही भाऊ चिडतात. तसे चिडले तर तो सौदा सोडूनच द्यावा.

आता शरीअतची बाजू. मी आलिम नाही, फक्त मुफ्तींसमोर कोणते मुद्दे न्यावेत ते सांगतो. एक, कंपनीने पॉइंटांचं मोल आपल्या मर्जीने बदलायचा हक्क राखून ठेवला असेल तर त्यात गरर, म्हणजे सौद्यातली अनिश्चितता, किती? दोन, करारात उशिरा भरलेल्या शुल्कावर व्याज असतं, ते कलम मान्य करून सही करायची का? तीन, मूळ मेंबरने हप्त्यांवर घेतलं असेल आणि हप्ते बाकी असतील तर ते सूदी कर्ज आपल्याकडे येतंय का? रोखीने, सगळे हप्ते फिटलेली मेंबरशिप घेणं या बाबतीत नव्या मेंबरशिपपेक्षा बरं, एवढं मात्र मला दिसतं.

आणि विकत घ्यायच्या आधी एक सोपा रस्ता आहे. बऱ्याच क्लबांत मेंबरला पाहुणे पाठवता येतात. विक्रेत्याला म्हणा, या वर्षी पाहुणा म्हणून एकदा पाठवा, खर्च आम्ही देतो. मे महिन्यात बुकिंग खरंच मिळतं का, हलाल जेवणाची सोय काय, खोलीत स्वतः रांधता येतं का, सगळं कळेल. मात्र क्लबचा नियम रात्री भाड्याने द्यायला मनाई करतो का ते पाहावं. आणि विक्रेत्याने स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त घेतलं तर? भाड्याने घेतलेली जागा जास्त भाड्याने दिली तर वरची रक्कम, जागेत काही भर घातली नसेल तर, हनफी फिकहमध्ये सदका करायला सांगितली आहे. शाफई फिकहमध्ये तशी अट नाही. कोकणातली आपली मंडळी शाफई, देशावरची बहुतेक हनफी, तेव्हा एकाच क्लबचे दोन मेंबर दोन वेगळी उत्तरं घेऊन मुफ्तींकडून परत येऊ शकतात.