पगाराचा आकडा आणि बिऱ्हाडाचा हिशेब

परगावी पेढी काढावयाचे मनात आले म्हणजे व्यापारी मनुष्य काय काय पाहतो, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. गाळ्याचे भाडे किती, हमाली व तोलाई काय पडते, उधारी किती दिवसांची चालते, पहिले सहा महिने गल्ल्यात काही पडले नाही तर भांडवल तग धरील की नाही, या सर्व गोष्टींचा छडा लावल्यावाचून तो एक रुपयाही गुंतवीत नाही. परंतु आपल्या मुलास किंवा जावयास मुंबईत नोकरी लागली की हाच सुज्ञ गृहस्थ एवढेच विचारतो : पगार किती? आकडा ऐकताच पेढे वाटले जातात, आणि महिन्याभरात बायको, मुले व भांडीकुंडी यांसह बिऱ्हाड मुंबईची वाट धरते. दुकान हलविण्यास जो विचार लागतो तो संसार हलविण्यास लागत नाही, या समजुतीपायी आमच्या मध्यम व गरीब वर्गातील किती घरे कर्जात बुडतात, याचा विचार व्हावयास पाहिजे.

मुंबईस जाऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि त्याच दशकात कापडाची पहिली गिरणी उभी राहिली. तेव्हापासून या शहराने घाटावरच्या व कोकणच्या लक्षावधी माणसांस अन्न दिले आहे. आणि गावकीच्या जाचातून सुटून मोकळा श्वास घ्यावयास कित्येकांस प्रथम जागा मिळाली तीही येथेच. आमचा प्रश्न वेगळा आहे. या जाण्याचा खर्च कोण भरतो, आणि तो भरणाराचे मत कोणी विचारतो काय?

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. वाचकांनी ते आपल्या माहितीतील कोणत्याही घराशी ताडून पाहावेत. सोलापुरातील एका कारखान्याच्या कचेरीत हिशेब लिहिणारा एक गृहस्थ आहे. पगार २४,००० रुपये, घर वडिलार्जित. त्या शहरात गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे. त्याची पत्नी घरी बसून नगावर शिवणकाम करते आणि महिन्यास ६,००० रुपये मिळविते. मुलांकडे सासू पाहते, म्हणूनच तिचे हात यंत्रास मोकळे असतात. एकूण मिळकत ३०,०००, खर्च २४,०००, शिल्लक ६,०००. या गृहस्थास मुंबईत ४२,००० रुपयांची जागा मिळते. पगारात १८,००० रुपयांची वाढ! आळीत त्याचा हेवा वाटू लागतो.

आता मुंबईची वही उघडू. शहरात घर परवडत नाही म्हणून तो कल्याणच्या पलीकडे दोन खोल्या घेतो. भाडे १३,०००, किराणा, दूध व भाजी १४,०००, मुलांची शाळा ५,०००, प्रवास २,०००, वीज, गॅस व दूरध्वनी ३,०००, गावी राहिलेल्या आईवडिलांस ५,०००. बेरीज बरोबर ४२,०००. दुखणे, सण, लग्नकार्य यांचे खाते या वहीत नाहीच. पत्नीचे शिवणकाम सुटले, कारण माल देणारा सोलापुरात राहिला आणि मुले सांभाळणारी सासूही तेथेच राहिली. पगार १८,०००ने वाढला, आणि शिल्लक ६,०००ने घटून शून्यावर आली.

शिवाय गृहप्रवेशाचा खर्च निराळाच. अनामत ५०,०००, दलालास एका महिन्याचे भाडे १३,०००, सामानाची मालमोटार १५,०००, शाळेचा प्रवेश, गणवेश व पुस्तके १२,०००. म्हणजे चूल पेटण्यापूर्वीच ९०,००० रुपये गेले. सोलापुरातील पंधरा महिन्यांची शिल्लक ती हीच. अनामत कधी काळी परत मिळते हे खरे. परंतु तोवर ती रक्कम व्याजाने काढलेली असेल तर ज्या वहीत शिल्लकच नाही तीतून ते व्याज कोठून निघावयाचे? त्यात जाण्यायेण्याचे रोजचे तीन तास धरा. पंचवीस दिवसांच्या महिन्यात ते पंचाहत्तर तास होतात, म्हणजे आठ तासांच्या नऊ दिवसांहून अधिक काम. त्याची मजुरी कोणी देत नाही.

या हिशेबातील सर्वांत मोठी चूक आमच्या घराघरांतून रोज होते. पगाराची तुलना करताना नवऱ्याचे २४,००० आणि ४२,००० एवढेच आकडे समोर मांडले गेले; पत्नीचे ६,००० कोणी धरलेच नाहीत. बाईची कमाई ती कमाई नव्हे, फावल्या वेळातला विरंगुळा होय, असे मानणाऱ्या समाजास त्या विरंगुळ्याची किंमत तो बंद पडल्यावर कळते. ज्या निर्णयाने जिचा धंदा बुडावयाचा, जिला परक्या गावी एकटीने मुले वाढवावयाची, तिला त्या निर्णयात मत नसावे यास आम्ही अन्याय म्हणतो. आणि ज्यांस न्यायाची चाड नाही त्यांच्यासाठी सांगतो की, हा आतबट्ट्याचा व्यवहारही आहे.

कोणी म्हणेल, आज तोटा असला तरी उद्या बढती मिळेल. मिळेलही. व्यापारीसुद्धा नवे दुकान काही काळ तोट्यात चालवितो. परंतु किती महिने चालवावयाचे व त्यासाठी किती रक्कम बाजूस ठेवावयाची, हे तो आधी ठरवितो. आमच्या या गृहस्थाने पगार ठरण्यापूर्वी ही वही मांडली असती तर जुनी शिल्लक राखावयासच आपणास ४८,००० हवेत, हे त्यास कळले असते. आणि मालकाशी बोलताना तो नुसता आभार मानीत बसला नसता.

दुसरा कोणी म्हणेल, कुटुंब गावीच ठेवावे, पुरुषाने एकट्याने जावे. ही युक्ती नवी नाही; गिरण्यांची मुंबई शंभर वर्षे हिच्यावरच चालली. पुरुष चाळीतल्या गावकीच्या खोलीत पाळीपाळीने निजत, खाणावळीत जेवत आणि गावी मनिऑर्डर धाडीत. बायका गावी शेत कसून म्हाताऱ्यांस व मुलांस पोशीत. सारे कुटुंब शहरात पोसता येईल एवढी मजुरी गिरणीमालकास द्यावी लागली नाही, कारण तिची तूट गावाकडच्या बाईच्या बिनपगारी श्रमाने भरून निघत होती. १९८२च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या हळूहळू मिटल्या, आणि कित्येक पुरुष ज्या गावी आयुष्यभर पाहुण्यासारखे गेले होते त्याच गावी हात हलवीत परतले. दोन चुलींचा संसार वर्ष सहा महिने चालावा, जन्मभर नव्हे. पुरुषाने पुढे जाऊन घर, शाळा व पत्नीचे काम यांची चौकशी करावी. परंतु मुदत आधी ठरलेली असावी, आणि ती संपताच सर्वांनी जावे किंवा एकाने परतावे.

पत्नीच्या कामाची चौकशी म्हटले की काहींच्या भुवया वर चढतात. त्यांनी याच गिरणगावाचा दुसरा इतिहास वाचावा. कामगारांस जेवण घालून संसार चालविणाऱ्या खाणावळवाल्या बाया सावकाराच्या व्याजाखाली पिचत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस संघटित केले व बँकेच्या कर्जाचे दार त्यांस उघडून दिले. पोळ्या लाटणाऱ्या हातांस पत मिळाली ती कोणी दया केली म्हणून नव्हे; त्यांचा धंदा खराच होता, फक्त तो कोणाच्या खतावणीत लिहिलेला नव्हता.

आता कायद्याविषयी. मुंबईस जाणाऱ्या मनुष्यास आपले हक्क ठाऊक नसतात, म्हणून दलाल सांगेल तोच त्याचा कायदा होतो. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, ही समजूत अशीच. १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याचा उल्लेख आहे, त्यावरून ती रुजली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५व्या कलमाप्रमाणे भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणारावर २४व्या कलमाखाली दुप्पट दराने भरपाई बसते. कायदा दोघांसही बांधतो. म्हणून अनामत रोखीने मोजून पावती न घेणे हा भिडस्तपणा नव्हे, गैरव्यवहार आहे. आपल्या दुकानात असा व्यवहार कोणी व्यापारी क्षणभर चालू देणार नाही.

मुलांच्या बाबतीतही असेच. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ साली कायद्याने मान्य झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याअन्वये सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळा बदलताना जुन्या शाळेने दाखला विनाविलंब द्यावयाचा आहे; आणि दाखला येण्यास उशीर झाला एवढ्यावरून सरकारी वा अनुदानित शाळेने प्रवेश नाकारावयाचा नाही. पालिकेची शाळा दारात असता केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांत कमीपणा नको म्हणून ऐपतीबाहेरची फी भरणे, आणि मग तेवढ्याच रकमेसाठी मुलांचे दूध कमी करणे, यात आम्हांस मोठेपणा दिसत नाही. मजूर कुटुंबांनी शिधापत्रिकेचाही विसर पडू देऊ नये. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ज्यांस धान्य मिळते त्यांस ते देशात कोठल्याही रास्त भाव दुकानातून उचलता यावे, अशी व्यवस्था २०१९ पासून सुरू झाली व २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. काही माणसे गावी व काही शहरात असली तरी प्रत्येकास आपला वाटा आपापल्या ठिकाणी घेता येतो.

परंतु सारा उपदेश गरिबासच करावा आणि घरवाल्यांस व सरकारास मोकळे सोडावे, हे आमच्याने होणार नाही. भाडेकऱ्यांच्या रक्षणार्थ १९४७ साली झालेल्या कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीशी जखडली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे लोकांनी सोडले, जुन्या चाळींची डागडुजी थांबली, आणि नव्याने येणाऱ्यास पागडीवाचून दार उघडेनासे झाले. १९९९च्या कायद्याने गाठ थोडी सैल केली. नव्याने येणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही. २०११च्या शिरगणतीत देशातील शहरांतून एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. एकीकडे कुलुपे, दुसरीकडे झोपड्या! मध्यवर्ती मंत्रिमंडळाने २०२१ साली संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे सुचविले आहे. पण घरभाडे हा राज्यांचा विषय असल्यामुळे राज्याने मनावर घेतल्यावाचून त्या सूचनेचा भाडेकरूस उपयोग नाही. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट निघाला आणि १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. परक्या सरकारास जे कर्तव्य, अपुरे का होईना, सुचले, ते स्वराज्यास जड का वाटावे? विकत घ्यावयाच्या घरांच्या जाहिराती पुष्कळ झाल्या. माफक भाड्याची, सरकारी वा सहकारी मालकीची घरे बांधा, ही आमची मागणी आहे.

आणि घरवाल्यांस एक प्रश्न. भाडेकरूची जात, धर्म व ताटातील अन्न विचारून दार लावून घेणारे गृहस्थ सभेत देशाच्या ऐक्यावर टाळ्या वाजवितात. ज्यास दहा दारे बंद होतात त्यास अकरावे दार महाग पडते. त्याच्या भाड्यात आपल्या सोवळ्याचा कर मिसळलेला असतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल त्यांनी पेढे वाटण्यापूर्वी घरातील सर्वांस एकत्र बसवावे व एक कोरी वही घ्यावी. एका पानावर येथील मिळकत व खर्च मांडावा, दुसऱ्यावर तेथील. घरातील बाईची कमाई पहिल्या ओळीत लिहावी, म्हाताऱ्यांचा औषधपाणी शेवटच्या ओळीत लोटू नये. सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर निघण्याची तारीख पुढे ढकलावी. बेरीज वजाबाकी जिला रोज करावी लागते तिलाच ती वही लिहू द्यावी. मग जावयाचे ठरले तर खुशाल जावे, आणि न जाण्याचे ठरले तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. देशाची उन्नती मोठ्या शहरांच्या दिव्यांवरून मोजण्याची हल्ली चाल पडली आहे. त्या दिव्यांखाली राहणाऱ्या शेवटच्या बिऱ्हाडात महिनाअखेरीस काय शिल्लक उरते, यावरून ती मोजावी, असे आम्हांस वाटते.