उतारवयातील द्रवाहार : वजन घटावे, बळ नव्हे

वजन उतरवण्यासाठी दिवसभर केवळ रस, सार किंवा ताक यांवर राहण्याचा विचार आपण करीत असाल, तर क्षणभर थांबावे. प्रथिने अपुरी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. उतारवयात ते सहजी भरून येत नाहीत आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून एकाच वेळचे जेवण द्रवरूप ठेवावे. त्यात गाळलेल्या रसाऐवजी मुगाचे दाट कढण किंवा दूध असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. दिवसाला ८०० कॅलरींहून कमी आहार त्यांच्या देखरेखीविना घेऊ नये. मधुमेहींनी औषधांची मात्राही आधीच विचारावी. जेवण घटले आणि इन्सुलिन तेवढेच राहिले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. खुर्चीतून उठणे जड जाऊ लागले, तर काट्यावरचा आकडा कितीही सुखावणारा असो, द्रवाहार थांबवून डॉक्टरांना भेटावे.